आमची चटाई आणि आईच्या मिरच्या

आमच्या शाळेच्या क्रिकेट क्लबाची चटाई आमच्या घरी राहायची. हे मी नातवंडांना सांगितलं की ती एकमेकांकडे बघतात, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर पंगतीत बसायची चटाई येते. तशी नाही रे बाबांनो! काथ्याची, जाडजूड, पिचएवढी लांब, आणि गुंडाळली की कापसाच्या गाठीसारखी दिसणारी. उचलायला चार पोरी लागत आणि पाचवी नुसती "हळू, हळू" म्हणायला. मुरमाची पट्टी पाणी मारून चोपायची, तिच्यावर ही चटाई ओढून ताणून अंथरायची, कडेकडेनं लांब खिळे ठोकायचे, की झालं आमचं पिच. ती शाळेतच राहायची, पण खेळाच्या खोलीला उधई लागली. उधईनं आधी कॅरमबोर्ड खाल्ला, मग लेझमाच्या मुठी, आणि ती चटाईकडे वळायच्या आत आमच्या पी.टी.च्या शेंडे बाईंनी वर्गात येऊन विचारलं, "कोणाच्या घरी जागा आहे गं?" माझा हात आधी वर गेला आणि विचार नंतर आला. ही सवय अजून गेलेली नाही, आमच्या ह्यांना विचारा.

जागा मात्र आमच्याकडे खरंच होती. आम्ही वाडीला राहायचो. तेव्हाची वाडी म्हणजे अमरावती रोडवरची ट्रकांची वस्ती. बाबा एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात बुकिंग क्लार्क होते आणि गोदामाच्या मागच्या दोन खोल्या आम्हाला भाड्यानं मिळाल्या होत्या. खोल्या एवढ्याशा, पण समोर ट्रक वळवायचं भलं मोठं आवार. सकाळी जाग यायची ती क्लीनरच्या ओरडण्यानं, "आन दे, आन दे, आन दे... बस्स!" मग ट्रकचा मागचा फाळका पडल्याचा धाडकन आवाज, ताडपत्री झटकल्याचा फटकारा, कोणाच्या तरी रेडिओवर हिंदी गाणं, आणि या सगळ्यावर मात करणारी आईची फोडणी. आई नरखेडकडची. तिखटाशिवाय जेवण तिला आजाऱ्याचं जेवण वाटायचं. तिची पाटवडी-रस्सा खाताना पाहुण्याच्या डोळ्यांत पाणी आलं की ती खूष होऊन म्हणायची, "जमलं वाटते." बाबा पहिल्या घासाला ठसकायचे, पाणी प्यायचे आणि दुसऱ्यांदा रस्सा मागायचे. लग्नाला इतकी वर्षं होऊनही पहिल्या घासाचा ठसका त्यांचा कधी चुकला नाही.

आईच्या घरात रिकामी वस्तू राहू शकत नसे. तेलाचा डबा रिकामा झाला की त्यात तुळस, फुटकी घागर झाली की तिच्यात राख. चटाई पहिल्यांदा आवारात अंथरली तेव्हा ती कमरेवर हात ठेवून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली.

"एवढी मोठी चटाई, आन तिच्यावर कोणी बसत नाई?"

"आई, तिच्यावर बॉल पडतो."

"फक्त बॉलसाठी? बाप्पा! काहून वं, बॉलले खालची जमीन टोचते का?"

पुढच्याच रविवारी मी पाहिलं तर चटाईवर जुनं लुगडं, आणि लुगड्यावर मूगवड्या ओळीनं घातलेल्या. शेजारच्या दोघी-तिघी बायका त्या वड्यांची राखण करत आरामात बसलेल्या. मी ओरडले तर आई शांतपणे म्हणाली, "लुगडं टाकलं ना वं खाली. तुया चटाईले काई झालं का?" खरंच काही झालेलं नव्हतं. बॅटींचंही तसंच. बॅटीला जवसाचं तेल पाजावं लागतं असं शेंडे बाईंनी सांगितल्यावर बाकीच्या पोरी दुकानादुकानांत विचारत फिरल्या, मी घरी येऊन स्वयंपाकघरातली बरणी उघडली. त्यानंतर क्लबाच्या दोन्ही बॅटी आमच्याकडे तेल प्यायला यायच्या आणि आई त्यांना हातानं चोळचोळून तेल लावायची, बाळंतिणीच्या पोराला लावतात तसं. मॅच म्हणजे काय हे तिला ठाऊक नव्हतं. ती चौथीपर्यंत शिकलेली, माझ्या शाळेच्या फाटकाच्या आत तिनं कधी पाऊल ठेवलं नव्हतं. "तिथं मोठ्या बाई असतात," एवढंच म्हणायची.

मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. बारीक काठाची पांढरी साडी, चष्म्याला साखळी, आणि आवाज असा की व्हरांड्याच्या त्या टोकाला कोणी पळत असेल तर चालायला लागावं. त्यांच्या ऑफिसच्या खिडकीखाली गुलाबांचा लांबलचक वाफा होता. लाल, पिवळे, आणि एक जांभळट रंगाचा, ज्याचं इंग्रजी नाव त्या सोडून कोणालाच घेता येत नसे. रोज सकाळी प्रार्थनेच्या आधी त्या स्वतः रबरी नळीनं त्या झाडांना पाणी घालायच्या. माळी होता, पण त्यानं गुलाबाला हात लावायचा नाही असा नियम. एकदा एका मुलीनं वेणीत त्यातलं फूल माळलं तर बाईंनी तिला रागावलं नाही. दिवसभर ऑफिससमोर उभं करून येणाऱ्या-जाणाऱ्याला फूल दाखवायला लावलं. नंतर कोणाची छाती झाली नाही.

आता मुख्य भानगड. आमच्या शाळेत सगळ्याजणी सायकलनं येत. मी तर वाडीहून रोज ट्रकांच्या धुरातून पायडल मारत यायची. सायकली कडुनिंबाखाली एकीवर एक पडलेल्या असत. शाळा सुटली की ओढाओढ, कोणाचं हँडल कोणाच्या स्पोकमध्ये, आणि त्यात एका मुलीचा पाय चांगलाच सोलवटला. तिचे वडील येऊन भांडून गेले. मोठ्या बाईंनी ठरवलं की सायकल स्टँड बांधायचा, आणि बांधायचा तो मागच्या मैदानात. म्हणजे आमच्या पिचवर! शेंडे बाई तरुण होत्या, जरा तापट होत्या. आम्ही दाराबाहेर उभ्या राहून सगळं ऐकत होतो.

"ते मैदान रिकामंच तर पडलं आहे," मोठ्या बाई म्हणाल्या.

"रिकामं नाही बाई. तिथं मुली खेळतात."

"मुली तिथं उन्हात उभ्या असतात, इतकं मी पाहिलं आहे."

"या वर्षी आंतरशालेय शिल्ड आणतील त्या!" शेंडे बाई बोलून गेल्या.

मग मोठ्या बाईंचा आवाज आला, "ठीक. शिल्ड आणली तर मैदान त्यांचं, मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही आणली तर होळीच्या सुट्टीत काम सुरू." आणि बाई बोलण्याच्या पक्क्या. दुसऱ्याच आठवड्यात स्टँडचे लोखंडी पाइप आले आणि आमच्या मैदानाच्या कडेला रचले गेले. रोज प्रॅक्टिसला गेलं की ते पाइप आधी दिसायचे. बॉल तिथपर्यंत गेला की ठणकन आवाज व्हायचा. आम्ही ठरवून टाकलं, ठण वाजलं की चौकार.

आमची कॅप्टन कुसुम गजभिये. शहरातल्या इंदोरा वस्तीतली. तिचे बाबा खापरखेड्याच्या पॉवर हाऊसमध्ये, सुट्टीच्या दिवशी घरी येत. त्यांच्या घरी गेलं की समोर बुद्धाची लहानशी पितळी मूर्ती आणि तिच्या शेजारी वर्तमानपत्रांचा गठ्ठा दिसायचा. तिच्या बाबांनी तिला लहानपणीच सांगून ठेवलं होतं की शाळेत कोणापुढं मान खाली घालायची नाही, आणि पोरीनं ते इतकं मनावर घेतलं की चेंडू टाकतानासुद्धा तिची हनुवटी वर. काय वेग होता तिचा! मी विकेटकीपर. मुलांच्या शाळेतून मागून आणलेले ग्लोव्हज मला कोपरापर्यंत यायचे, तरी तिचा बॉल घेतला की तळहात संध्याकाळपर्यंत झिणझिणायचा. मधल्या सुट्टीत निंबाखाली आम्ही रबरी बॉलनं खेळायचो, तेव्हा मात्र ती गंमत म्हणून बोटांनी बॉल असा काही फिरवायची की तो टप्पा पडल्यावर सायकलींच्या मागं जाऊन लपायचा. त्याला आम्ही चकरी म्हणायचो. "मॅचमध्ये टाक ना वं चकरी," मी म्हणायची. ती नाक उडवायची. "हट्! ते लेकराइचं काम. बॉलिंग म्हणजे कशी सनसन गेली पाहिजे."

आणि त्या हिवाळ्यात ती सनसन गेलीच. पहिल्या मॅचला समोरच्या पोरी आमचे मांडीपर्यंत येणारे पॅड पाहून खुदुखुदु हसत होत्या. कुसुमनं पहिल्याच षटकात एक स्टंप मधोमध मोडला आणि हसणं बंद झालं. दुसरी मॅच कामठीला. परत येताना आम्ही सगळ्या चटाईवर बसून, ट्रकमध्ये, घसा बसेस्तोवर गात आलो. हा ट्रक जब्बारभाईंचा. बाबांच्या गोदामाचा माल नेणारे जब्बारभाई चटाईची ने-आण फुकट करायचे, आणि हरल्यावर नेणार नाही असा दम द्यायचे. सेमी-फायनल आमच्याच मैदानावर होती. शेवटची जोडी खेळत होती आणि मारायचं होतं मला. डोळे मिटून बॅट फिरवली. बॉल कुठं लागला देवाला ठाऊक, पण मागं ठणकन वाजलं! डोळे उघडले तर कुसुम मला उचलून गरगर फिरवत होती. ऑफिसच्या मागच्या खिडकीत मोठ्या बाई उभ्या होत्या. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि आत गेल्या.

फायनल रविवारी, आमच्याकडेच. ज्यांच्या मैदानावर मॅच त्यांनी चटाई अंथरायची आणि दोन्ही टीमना जेवू घालायचं, अशी रीत होती. मुलींच्या घरी जेवणाची वाटणी झाली. आमच्याकडे वडाभात आणि कोथिंबीर भरलेली सांबारवडी. म्हणजे आईला शाळेत यावं लागणार होतं. ती आठवडाभर तेच घोकत होती, "मोठ्या बाई मले काई विचारतीन तर मी काय सांगू वं?" शनिवारी सकाळी शाळेत जायच्या आधी मी चटाई आवारात अंथरून ठेवली. मॅचच्या आदल्या दिवशी तिला ऊन दाखवलं की ती सपाट बसते. मग शाळा, मग प्रॅक्टिस, मग पिचवर मुरूम चोपणं. दिवेलागणीला घरी आले तर चटाई छान घट्ट गुंडाळून, दोरीनं बांधून गोदामाच्या धक्क्याला टेकवून ठेवलेली. आईचा चेहरा उजळलेला. "तू दमून येशीन म्हणून मीच गुंडाळली. शेजारच्या दोघी आल्या होत्या हाताले." मला इतकं बरं वाटलं! मी जेवून गाढ झोपले.

सकाळी जब्बारभाईंनी चटाई चढवली आणि शाळेपर्यंत शिंकत आले. "मौसम बदल रहा है बेटी," म्हणाले, "जुकाम हो गया लगता है." चटाई अंथरताना आमच्यातल्या दोघी शिंकल्या. शेंडे बाई म्हणाल्या, धूळ आहे. समोरची टीम सदरकडच्या शाळेची, पांढरेशुभ्र कपडे, स्वतःच्या मापाचे पॅड. त्यांच्या फर्नांडिस मिस उंच, करड्या शिस्तीच्या, आणि कॅप्टन रोशन नावाची हसरी पोरगी. कुसुमनं टॉस जिंकला आणि बॅटिंग घेतली.

पहिला बॉल पडला आणि टप्प्याच्या जागेवरून तांबूस धूर निघाला. इवलासा, पण धूरच. आमच्या बॅटवालीनं तो बॉल अडवला, मग बॅट टाकून दिली आणि दोन्ही हातांनी डोळे चोळायला लागली. दुसऱ्या बॉलला त्यांची कीपर शिंकली आणि बॉल तिच्या पायांमधून ठणकन पाइपांवर. पुढं काय सांगू! बॉल पडतोय, धूर उडतोय, खेळणारी रडतेय, कीपर शिंकतेय. बॅटवाली रडली की तिचा त्रिफळा, आणि कीपर शिंकली की आम्हाला चार रन, असा तो हिशेब. मी गेले, गार्ड घेतला, एक श्वास आत घेतला आणि नाकातून मेंदूपर्यंत जाळ गेला. तो वास मी ओळखला. जन्मापासून ओळखत होते. ओळखेपर्यंत माझा मधला स्टंप गेला होता. आमचे सगळ्यांचे मिळून त्रेचाळीस झाले. त्यातले निम्मे त्यांच्या कीपरच्या शिंकांचे.

आता तुम्ही हसाल. मीही हसते, आज इतक्या वर्षांनी एकटी बसून लिहितानासुद्धा हसते. पण तेव्हा मला त्या पाइपांकडे बघवत नव्हतं. त्रेचाळीस म्हणजे काहीच नाही. त्यात फर्नांडिस मिस तरातरा मैदानात आल्या. "ये क्या डाला है पिच पे? ये तो चीटिंग है!" शेंडे बाईंचा चेहरा पांढरा पडला. त्यांना बिचारीला काहीच माहीत नव्हतं. वयस्कर अंपायरनी चटाई बोटानं घासली, बोट नाकाशी नेलं आणि लगेच लांब धरलं. ते म्हणाले, पाहुणी टीम या चटाईवर खेळायला नाही म्हणाली तर मॅच त्यांची. सरळ नियम आहे. कुसुमची हनुवटी वर होती, पण नजर पाइपांवर. आणि त्याच वेळी फाटकातून जब्बारभाईंचा ट्रक आत आला, आणि केबिनमधून, ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलेली, मांडीवर वडाभाताचं पातेलं धरलेली आमची आई उतरली.

मी पळत गेले. "आई, चटाईवर काय वाळवलं काल?"

"मिरच्या," आई म्हणाली. "जब्बारभाईनं भिवापूरकडून पोतं आणलं ना. मोठी गुणाची चटाई आहे वं तुयी, पलटवायलेसुद्धा नाई लागल्या, खालून हवा लागते."

"लुगडं नाही टाकलं खाली?"

"मिरचीले कायचं लुगडं?"

तिनं मैदानाकडं पाहिलं. रडणाऱ्या पोरी, लाल डोळ्यांची कीपर, हातवारे करणाऱ्या फर्नांडिस मिस. सगळं तिच्या ध्यानात आलं. "अवं माय!" म्हणाली, पातेलं माझ्या हातात दिलं, पदर डोक्यावर घेतला आणि सरळ मैदानाच्या मधोमध गेली. ऑफिसमधून मोठ्या बाईही उतरून आल्या होत्या. मला वाटलं, आता आई पळून जाणार. तिनं खाली वाकून काथ्यातलं मिरचीचं बी चिमटीत उचललं आणि सगळ्यांना दाखवलं.

"पोरीइची काई चूक नाई बाई. हे मायं काम आहे. म्या मिरच्या वाळू घातल्या याच्यावर. आमच्या शोभाले मालूम पण नाई. मले वाटलं चटाई उन्हात नुसतीच पडून राहिली." मग फर्नांडिस मिसकडे वळून, "तुमच्या लेकराइले त्रास झाला. मले माफ करा. पण पोरीइले खोटं नका म्हणू."

रोशन डोळे पुसत पुढं आली आणि म्हणाली, "मिस, इनकी बॅटिंग तो इसीपे हुई. खुद की आँख में कोई मिर्ची डालता है क्या?" आणि शिंकली. एवढ्या जोरात, की अंपायरकाका हसले, मग शेंडे बाई, आणि फर्नांडिस मिसनी ओठ किती दाबले तरी त्याही. "ठीक है, खेलेंगे," म्हणाल्या. "लेकिन पहले इसको साफ करो."

मग जे झालं ते मी कुठल्याही मैदानावर पुन्हा पाहिलं नाही. दोन्ही टीमनी मिळून चटाई उचलली आणि त्या सायकल स्टँडच्या पाइपांवर वाळत घातली. आईनं तोंडाला पदर बांधला, सगळ्यांना ओढण्या बांधायला लावल्या, आणि म्हणाली, "आता हाणा!" बॅटींनी, स्टंपांनी, हातात येईल त्यानं आम्ही चटाई बडवली. लाल ढग उठला. "वाऱ्याच्या अंगानं उभ्या राहा वं, इकडून!" आई ओरडत होती, फर्नांडिस मिसनाही दंडाला धरून तिनं बाजूला केलं. बडवून झाल्यावर ती म्हणाली, "आता पाणी पाहिजे. भरपूर." नळ लांब, बादल्या दोनच. आम्ही इकडं तिकडं बघत होतो, तर मोठ्या बाई काही न बोलता वाफ्याकडे गेल्या, गुलाबांची ती रबरी नळी ओढत आणली आणि आईच्या हातात दिली.

"धार जपून धरा," त्या म्हणाल्या, "तोटी सैल आहे."

"हाव बाई," आई म्हणाली. ती दोघींची पहिली ओळख.

जेवताना दोन्ही टीम सरमिसळ बसल्या. वडाभात खाताना सगळ्यांच्या डोळ्यांतून पुन्हा पाणी. फर्नांडिस मिसनी सांबारवडी दोनदा मागून घेतली, आणि आईनं मला कोपरानं ढोसून सांगितलं, "जमलं वाटते."

जेवणानंतर ओली चटाई ताणून ठोकली आणि त्या खेळायला आल्या. चव्वेचाळीस करायचे. कुसुमनं लांबून धावत येऊन बॉल टाकला, आणि तो टप्पा पडून असा आरामात आला की रोशननं तो उचलून पाइपांवर मारला. ठण. पुढचाही ठण. धुतल्यानं काथ्या फुगून उभा राहिला होता, बॉलला धरून ठेवत होता. कुसुमचा सगळा वेग चटाईच खात होती. बघता बघता त्या विसाच्या पुढं गेल्या आणि गेलेली फक्त एक. कुसुम आणखी जोरात, आणखी लांबून पळत येत होती आणि आणखी मार खात होती. मी ग्लोव्हज काढून तिच्याकडं गेले.

"कुसुम, चकरी टाक."

"डोकं फिरलं का वं तुयं? फायनल आहे ही."

"बॉल थांबून येऊन राहिला. बोटानं फिरवला तर चटाई त्याले धरीन."

"लोकं हासतीन मले. दोन पावलं चालून बॉलिंग!" तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि या वेळी ते मिरचीचं नव्हतं. "मी वेगानं टाकणारी आहे शोभा. मले तेवढंच येते."

"अवं, तुले चकरीही येते. मी रोज सायकलीखालून बॉल काढून राहिली, मले नाई मालूम?" मी पाइपांकडं बोट केलं. "त्याच्यापेक्षा हसलेले परवडले."

तिनं पाइपांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मग हनुवटी वर केली, दोन पावलं चालली आणि बॉल हवेत सोडला. खरंच कोणीतरी हसलं. बॉल ऑफच्या बाहेर पडला, चटाईनं त्याला पकडला, आणि तो असा काही आत वळला की बॅटवाली अजून बाहेरच बघत होती तेव्हा तिचा लेग-स्टंप आडवा झाला. त्यानंतर मी काय पाहिलं म्हणू! एकीचा झेल, एकीचा त्रिफळा, एक तर बॉल सोडून देऊन पाठ फिरवून उभी राहिली आणि मागं बेल्स पडल्या. कुसुम आता स्वतःच हसत होती, बोटांकडं बघून हसत होती. आई बाजूला उभी राहून जब्बारभाईंना विचारत होती, "आपलं चांगलं होऊन राहिलं का त्याइचं?"

शेवटी रोशन उरली आणि तिच्याबरोबर ती बिचारी लाल डोळ्यांची कीपर. जिंकायला तीन हवे होते. रोशन पुढं सरसावली, एका ठणमध्ये संपवायचं म्हणून. कुसुमचा बॉल उंच गेला, पडला, वळला, रोशनच्या बॅटीला चुकवून सरळ माझ्याकडं आला. माझे डोळे अजून चुरचुरत होते, पण त्या दिवशी मी डोळे मिटले नाहीत. बॉल घेतला, बेल्स उडवल्या आणि एवढ्या मोठ्यानं किंचाळले की अंपायरकाकांनी कान धरून बोट वर केलं.

शिल्ड कुसुमनं घेतली आणि पहिल्यांदा दिली आमच्या आईच्या हातात. आईनं ती उलटसुलट करून पाहिली, पदरानं पुसली आणि विचारलं, "ही कायची आहे वं, पितळेची का?" फर्नांडिस मिस जाताना आईकडून नव्या तिखटाचा शब्द घेऊन गेल्या. त्या वर्षीच्या आमच्या तिखटात अधूनमधून काथ्याची तार निघायची, आणि बाबा ती ताटाच्या कडेला ठेवून म्हणायचे, "आज भाजीनं चांगला टर्न घेतला."

पण सोमवार सांगायचा राहिला. सोमवारी सकाळी मी सायकल हाणत शाळेत आले तर फाटकाशी पोरींची गर्दी. मागच्या मैदानातले पाइप दिसत नव्हते. ते पुढं आणून ठेवले होते, ऑफिसच्या खिडकीखाली, आणि माळी गुलाबांच्या वाफ्यात कुदळ घालत होता. अर्धा वाफा उकरून झाला होता. मोठ्या बाई बाजूला उभ्या राहून प्रत्येक झाड मुळाच्या मातीसकट काढलं जातंय ना, ते पाहत होत्या. शेंडे बाईंना रडू आवरत नव्हतं. "बाई, अहो, दुसरीकडं कुठंतरी..."

"दुसरीकडं कुठं?" मोठ्या बाई म्हणाल्या. "मागं मैदान आहे. तिथं मुली खेळतात."

मग त्यांनी आम्हा अकराजणींना ओळीत उभं केलं आणि ओल्या पोत्यात बांधलेलं एकेक रोप हातात दिलं. कुसुमला पिवळं मिळालं. माझ्यापाशी येऊन त्या थांबल्या, माळ्याच्या हातातून ते जांभळट फुलांचं रोप स्वतः घेतलं आणि म्हणाल्या, "हे तुझ्या आईला दे. पाणी जपून घालतात त्या."

आईनं ते तेलाच्या डब्यात लावलं, आणि ते जगलं. दर वर्षी मिरच्यांचे दिवस आले की आवारात वाळवण घालायच्या आधी आई तो जड डबा दोन्ही हातांनी उचलून आवाराच्या पार दुसऱ्या टोकाला, वाऱ्याच्या अंगाला नेऊन ठेवायची. मी म्हणायची, "अगं आई, झाडाला कुठं ठसका लागतो?"

"बाईचं झाड आहे ते," ती म्हणायची. "एकदा झाली तेवढी चूक पुरे."